‘कोना पोऱ्या शे रे तू?’ : कॉलेजात आलेल्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात मराठी शिकवते. या जूनला २३ वर्षं झाली. प्रवेशाचे, फीचे, विषय बदलण्याचे प्रश्न ऑफिसच्या खिडकीवर सुटतात. जे तिथं विचारता येत नाहीत ते स्टाफरूमच्या दारात येतात, बसस्टँडवर येतात, नाहीतर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. दरवर्षी मुलं नवी असतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मॅडम, कॉलेजात गेलं की माणूस स्वतःला ओळखायला लागतो म्हणतात. म्हणजे नेमकं काय होतं?

गावात आपल्याला पहिला प्रश्न असतो, ‘कोना पोऱ्या शे रे तू?’ मुलगी असली तर ‘कोनी पोर शे वं?’ उत्तरात आजोबांचं नाव येतं, गल्ली येते, एखाद्या वेळी मळ्याचं नाव येतं आणि विचारणाऱ्याचं समाधान होतं. त्या उत्तराचा आधार मोठा असतो. त्याच्यावर दुकानात उधार वही मिळते आणि सायकलवरून पडलो तर आपल्याआधी निरोप घरी पोचतो.

कॉलेजच्या वर्गात तुझे आजोबा कुणाला माहीत नसतात. हजेरीला तुझं नाव घेतलं जातं आणि ‘येस मॅडम’ म्हणून तू खाली बसतोस, एवढीच तुझी ओळख. पहिले दोन-तीन महिने म्हणूनच पोरकं वाटतं. आणि मग कुणीतरी विचारतं, ‘तुला काय वाटतं?’ घरात कपाशी लावायची की मका हे वडील ठरवतात, सोयरिकी काका ठरवतात, सायन्स की आर्ट्स हे दहावीच्या मार्कांनी ठरवलेलं असतं. त्यामुळे हा प्रश्न कानावर नवा असतो आणि उत्तर तोंडात येत नाही.

मी एफ.वाय.च्या पहिल्या तासाला प्रत्येकाला आवडती एक गोष्ट विचारते. पहिला मुलगा ‘क्रिकेट’ म्हणाला की पुढची पूर्ण रांग क्रिकेट म्हणते. टी.वाय.ला त्याच मुलांना तोच प्रश्न विचारते. गेल्या वर्षी एक जण उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, मले विहिरीवरची मोटर खोलून पुन्हा जोडाले आवडते.’ कुणी हसलं नाही. तीन वर्षांत काय झालं ते यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही.

माझं बोलणं ऐकून वर्गात हसतात. मी माझी भाषा बदलू का?

हा प्रश्न मला आतून लागतो, म्हणून जरा लांब लिहिते.

मी अहिराणी घरातली. एफ.वाय.ला असताना वर्गात उतारा वाचायला उठले आणि ‘डोळा’च्या जागी ‘डोया’ वाचून गेले. वर्ग हसला, ते एक वेळ ठीक. शिकवणारेही हसले आणि त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा वदवून घेतला. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहायचे आणि घरी जाऊन जात्याशेजारी बसून आजीला सांगायचे. ती अक्षरशत्रू होती, तरी पूर्ण ऐकून घ्यायची.

मला फार उशिरा कळलं ते तुला आजच सांगते. आपण जे बोलतो त्याला नियम आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: काळाचा काया, केळीची केयी, डोळ्याचा डोया. हे चुकून होत नाही, दर वेळी होतं. ‘आहे’च्या जागी ‘शे’ येतं, ‘माझा’च्या जागी ‘मन्हा’. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली ऐकायला मिळते, सातपुड्याच्या बाजूला पावरी आणि भिली, कुठं गुजरी. एकेका बोलीला आपापली घडण आहे. आणि तू ज्या विद्यापीठाची पदवी घेणार आहेस त्याचं नाव काय? १९९० साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या आणि ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरचे लोक कागदावर उतरवून ठेवायचे. ती गाणी आपल्या इकडच्याच बोलीत आहेत. ज्या उच्चाराला वर्ग हसतो, त्याच उच्चाराच्या बाईचं नाव तुझ्या मार्कशीटवर छापलेलं असतं.

आता व्यवहाराचं. प्रमाण मराठी शिक, मन लावून शिक. मुलाखतीला, निवेदनाला, अर्ज लिहायला ती लागते. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाच, तीन महिन्यांत ‘ळ’ बसतो. माझाही तसाच बसला. पण घरी फोनवर मायशी बोलताना अहिराणी सोडू नकोस. दोन्ही भाषा नीट बोलणारं पोरगं कुठंही अडत नाही हे मी पाहिलं आहे. कुठं कोणती बोलायची हे एकदा कळलं की हसणाऱ्यांची भीती जाते. आणि शिक्षक हसले तर मला येऊन सांग. तेवढं बोलण्याइतकी मी आता मोठी झाले आहे.

शेतकऱ्याचा मुलगा आहे, बी.एस्सी.ला घातलंय. इथं सगळे हुशार, मला काहीच येत नाही असं वाटतं.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलेली गोष्ट. त्यांनी वर्गात विचारलं, केळीचं खोड कुठं असतं? सगळ्यांनी हात वर दाखवले. रावेरकडचा एक मुलगा, जो सहामाहीपर्यंत शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, ‘सर, जमिनीत.’

बरोबर तोच होता. आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ते पानांचे बुडखे एकावर एक घट्ट गुंडाळून झालेलं असतं. पुस्तकात त्याला आभासी खोड म्हणतात. खरं खोड म्हणजे खालचा कंद. त्या पोराला हा शब्द माहीत नव्हता, पण दहाव्या वर्षापासून तो वडिलांबरोबर बागेत पिलं, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब, कापत होता. वरून कितीही छाटलं तरी चार दिवसांत मधून नवं पान वर सरकतं, हे त्याच्या विळ्याला माहीत होतं. मृगबाग कधी लावायची, कांदेबाग कधी, घडाला किती फण्या ठेवायच्या, हे सगळं डोक्यात घेऊन तो वर्गात बसला होता आणि स्वतःला ढ समजत होता. कारण आजवर हे कुणी परीक्षेत विचारलंच नव्हतं.

त्या दिवसानंतर तो दुसऱ्या बाकावर बसायला लागला. रसायनशास्त्रात मात्र त्याचे शेवटपर्यंत हाल झाले आणि तेही त्याचं त्याला कळलं. दोन्ही कळणं सारखंच कामाचं. तुझ्या घरच्या कामाची एक यादी कर आणि तुझ्या अभ्यासक्रमाशेजारी ठेव. कुठंतरी दोन ओळी जुळतील, तिथून सुरुवात कर.

मी रोज अपडाऊन करतो. होस्टेलला नाही म्हणून माझं कॉलेज लाइफ बुडतंय का?

थोडं बुडतं, खोटं कशाला सांगू. साडेपाचची गाडी चुकली तर पुढची आठला, म्हणून गॅदरिंगच्या तालमीतून तुला मध्येच उठावं लागतं आणि नाटकातली भूमिका दुसऱ्याला जाते. याचं वाईट वाटणं रास्त आहे.

पण सकाळी सहाच्या मुक्कामी गाडीने जो तीन वर्षं येतो त्याला स्वतःबद्दल एक गोष्ट पक्की कळते: आपल्याला उठता येतं. थंडीत, लोडशेडिंगमध्ये, आदल्या रात्री कपाशीला पाणी भरून झोपलेलो असतानासुद्धा. तिसऱ्या वर्षाला मी अशा मुलांकडे कॉलेजच्या कार्यक्रमांची जबाबदारी देते, कारण ती वेळेवर येतात.

पास वेळेवर काढ. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. तास संपल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ लायब्ररीत काढ, स्टँडवरच्या टपरीवर नको. आणि तालमीचं तुझ्या शिक्षकांशी बोल. वेळ अर्धा तास अलीकडे आणता येते, फक्त कुणी विचारत नाही.

एनएसएसच्या शिबिराला जाऊ का? घरचे म्हणतात, घरी काय माती कमी आहे का उपसायला.

जा. घरच्यांचं म्हणणं मला पटतं, तरी जा.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. आमचं शिबिर डिसेंबरात एखाद्या खेड्याच्या शाळेत असतं. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी. स्वयंपाक गटागटाने.

एका वर्षी आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि गोण्या रचायच्या. वर्गात पहिली येणारी एक मुलगी गटप्रमुख होती. तिने आखणी केली, माणसं वाटून दिली, सगळं चोख. गोण्या मात्र एकावर एक सरळ रचल्या गेल्या आणि तिसऱ्या थराला भिंत पोटातून फुगली. पाणी मधूनच निघालं. तेव्हा मागे घमेली वाहणारा एक मुलगा पुढं आला आणि म्हणाला, ‘ताई, सांधा मोडून लावा. विटा लावतेत तशा.’ त्याचा बाप गवंडी. त्याने स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून दोन गोण्यांच्या सांध्यावर तिसरी ठेवली, वर उभा राहून पायाने चेपली. दुपारपर्यंत भिंत टिकली आणि संध्याकाळी मागे पाणी तुंबलेलं दिसलं.

रात्री ती मुलगी माझ्याकडे आली. डोळे लाल. म्हणाली, ‘मॅडम, त्याचं बरोबर होतं हे मला लगेच कळलं. तरी मला राग आला. मला त्याचं ऐकायचं नव्हतं.’ मी तिची समजूत घातली नाही. आपल्यातलं हे न आवडणारं काहीतरी दिसणं, आणि ते एकोणिसाव्या वर्षी दिसणं, फार मोलाचं आहे. पन्नाशीपर्यंत न दिसलेली माणसं मी बघितली आहेत, काही आमच्याच स्टाफरूममध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गटासमोर त्या मुलाच्या हातात आखणीचा कागद दिला.

शेतातली माती घरची असते आणि काम सांगणारे वडील असतात. शिबिरातली माती कुणाचीच नसते आणि वीस वेगवेगळ्या घरांतली मुलं ती एकत्र उपसतात, एवढा फरक आहे. युवारंगलाही हेच होतं. विद्यापीठाचा तो युवक महोत्सव आहे. गाता येत नसेल तर पडदा ओढायला जा.

धडगाव-अक्कलकुव्याकडून शहरात आलोय. इथं सगळं अंगावर येतं.

आश्रमशाळेतून आलेली मुलं मला हे खालच्या आवाजात सांगतात. पावरीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी, म्हणजे तू दोन डोंगर चढतोस तिथं बाकीचे एक चढतात. दम लागला तर तुझ्यात कमी काही नाही, चढण जास्त आहे.

राहण्याची सोय आधी बघ. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यात येते. अर्ज ऑनलाइन असतो, तारीख चुकवू नकोस. आणि जुन्या वर्षातलं तुझ्या बाजूचं एक तरी पोरगं शोध. कोणत्या खिडकीवर कोण नीट बोलतं हे त्याला माहीत असतं.

जंगलातल्या भाज्या, पाखरं, पावसाच्या खुणा यांवर तुला जे येतं ते क्षेत्रभेटीच्या प्रकल्पात लिही. पुस्तकातून उतरवलेल्या वीस पानांपेक्षा तुझी चार पानं आम्ही जास्त लक्ष देऊन वाचतो.

एटीकेटी लागली. मी ढ आहे का?

नाही. विषय राहिला आहे, तो काढायचा आहे. निकालाच्या दिवशी पेपर कसा गेला होता हे खरं खरं लिहून ठेव: वाचलंच नव्हतं, की वाचलं होतं पण लिहिता आलं नाही, की वेळ पुरला नाही. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, मागव. आणि घरी सांग. लपवलेली एटीकेटी वर्षभर पोटात दुखते.

कमवा आणि शिका योजनेत काम करतो. बागेत झाडांना पाणी घालताना वर्गातली मुलं बघतात, लाज वाटते.

लाज वाटते हे मला सांगितलंस, याचं मला फार कौतुक वाटतं. ती पहिल्या पगारापर्यंत टिकते. तुझ्या पैशाने पहिल्यांदा घरी काय नेतोस ते लक्षात ठेव. एका मुलाने मायला चप्पल नेली होती. तिने ती दोन महिने घातली नाही, खुंटीला टांगून ठेवली.

सगळेच एमपीएससी नाहीतर पोलीस भरती करतात. मीही करू?

पहाटे धुळ्याच्या, नंदुरबारच्या, कुठल्याही रस्त्यावर धावणारी पोरं बघते तेव्हा ऊर भरून येतो आणि काळजीही वाटते. जागा मोजक्या, धावणारे हजारो. तुला त्या कामाचं काही आवडतं का, हे आधी बघ. चौकीत जाऊन एखाद्या हवालदारभाऊंना विचार, दिवस कसा जातो. तलाठ्याबरोबर एक दिवस बस. त्यानंतरही करावंसं वाटलं तर जीव ओतून कर, फक्त किती वर्षं द्यायची हे आजच ठरव आणि घरातल्या एकाला सांगून ठेव. ‘काय करतोस?’ या प्रश्नाला ‘तयारी करतोय’ हे सोयीचं उत्तर आहे. अभ्यासिकेत बसून आठ-आठ वर्षं ते उत्तर देणारी माझी मुलं आहेत. त्यांना कुणी वेळेवर विचारलं नाही, मीही नाही.

मी एस.वाय.ला आहे. घरी स्थळं बघायला लागले. मला शिकायचंय, पण बोलायची हिंमत होत नाही.

बाई, हे वाचताना तुझ्या शेजारी बसल्यासारखं समज.

‘मला लग्न नको’ म्हटलं की घरात भांडण होतं आणि तू एकटी पडतेस. त्यापेक्षा असं सांग, ‘टी.वाय.ची परीक्षा होऊ द्या, तोवर कुणाला शब्द देऊ नका.’ वाक्य छोटं आहे. आरशासमोर म्हणून बघ, पाच-सहा वेळा. मग घरातलं एक माणूस आपल्या बाजूला घे. आमच्याकडे बहुधा मामा ऐकतात, कधी आत्या. ते आधी, वडील नंतर. वडिलांना खर्चाची काळजी असेल तर तुझ्या अभ्यासक्रमाला कोणती सवलत लागू आहे ते कॉलेजात विचारून कागदावर लिहून ने. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. कागद दिसला की वडीलमाणसं थांबून वाचतात.

तुझी मैत्रीण १८ वर्षांच्या आतली असेल आणि तिचं ठरत असेल तर ते कायद्याने बसत नाही. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करता येतो आणि मला सांगता येतं.

झालंच लग्न, तरी शिक्षण संपत नाही. एका मार्च महिन्यात परीक्षा चालू असताना आमच्या आवारातल्या लिंबाखाली एक सासूबाई तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तीन तास. बाळ रडलं की उठून फेऱ्या मारायच्या, वर्गाच्या खिडकीकडे पाठ करून, म्हणजे सुनेला आवाज जायला नको. पेपर सुटल्यावर सून धावत आली. त्यांनी बाळ तिच्याकडे दिलं आणि विचारलं, ‘सगळं लिव्हं ना?’

प्रत्येकीला अशी सासू मिळेल असं मी म्हणत नाही. पण मागितल्याशिवाय काय मिळणार आहे ते कळत नाही, आणि आपल्याला मागता येतं हे कॉलेजात कळावं असं मला फार वाटतं.

मन बसून गेलंय. झोप लागत नाही, काही करावंसं वाटत नाही. हे कुणाला सांगू?

आजच सांग. ज्याच्याशी जेवतोस त्याला, ज्या शिक्षकांवर विश्वास आहे त्यांना. ओळखीच्या माणसाशी बोलवत नसेल तर १४४१६ लाव. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर एकटा राहू नकोस, खोलीतल्या मित्राला उठव. रात्री तीनला उठवलं तरी चालतं.

(एका वडिलांचा प्रश्न) मॅडम, पोरगं कॉलेजात गेल्यापासून बदललं. घरी बोलत नाही, विचारलं तर चिडतं. आम्ही काय करायचं?

भाऊ, तुम्ही दोन तास एसटीने येऊन हे विचारलंत. पोराला माहीतही नाही तुम्ही आलात.

तो घरात दोन माणसं घेऊन येतोय, एक तुमचा आणि एक नवा. नव्याची त्याला स्वतःलाच नीट ओळख झालेली नाही, म्हणून तो चिडतो. ‘काय शिकलास?’ विचारू नका, त्याला परीक्षा वाटते. ‘पैसे पुरतात का?’ हे रोज विचारू नका, त्याला ओझं वाटतं. रविवारी त्याला मळ्यात न्या. काम सांगू नका. बांधावर बसा, कळण्याची भाकरी आणि ठेचा बरोबर न्या आणि एखादी तुम्हाला खरंच न सुटलेली गोष्ट त्याच्यासमोर ठेवा. ठिबकची नळी कुठून फिरवावी, मका विकावा की थांबावं, काहीही. मग विचारा, ‘तुले काय वाटतं?’

आणि तो बोलेपर्यंत थांबा, भाऊ. वेळ लागेल. मध्ये तुम्ही उत्तर देऊ नका.